गोरस कंपनी आणि आमचे सार

कॉमर्सच्या पहिल्याच तासाला आमचे सार वर्गात आले, छत्री कोपऱ्यात उभी केली, रुमालाने खुर्ची पुसली, पण बसले नाहीत. म्हणाले, "मी तीन धंदे बुडवले आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या वडिलांनी याहून जास्त बुडवले असतील तर सांगा. त्यांना बोलावून घेऊं. शिकवायचा हक्क त्यांचा."

कोणी हात वर केला नाही. मग ते बसले.

आमच्या तंजावरकडे मास्तरांना 'सार' म्हणतात. कॉलेजात ते एकटेच कॉमर्सचे सार. वर्ग नवीन निघाला होता, आणि मद्रास सोडून तंजावरला यायला कोणी बी.कॉम. झालेला माणूस तयार नव्हता. यांनी पूर्वी कधीतरी हिशेबाची सरकारी परीक्षा दिली होती, कायदा थोडा वाचला होता, राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत राहत होते आणि रिकामे होते. एवढ्या पात्रतेवर कॉलेजने त्यांना घेतलं.

त्यांचा पहिला धंदा छत्र्यांचा. मोठ्या रस्त्यावर दुकान घेऊन त्यांनी दुकानभर छत्र्या मागवल्या आणि त्या वर्षी पाऊसच पडला नाही. "छत्री विकायला पाऊस लागतो, हें मला कोठल्या पुस्तकांत सांपडलं नाहीं," असं ते आम्हाला अगदी मन लावून सांगत. दुसरा धंदा बसचा. तंजावर ते ओरत्तनाडू अशी त्यांची एकच बस होती. रस्त्याच्या कडेला कोणी हात वर केला की सार बस थांबवायला लावत. हात वर करणारे निम्मे लोक ओळखीचे, नुसता नमस्कार करणारे. पण थांबल्यावर घरच्यांची चौकशी केल्याशिवाय निघणं सारांना बरं वाटत नसे. एखाद्याचं जेवण व्हायचं असलं तर बस त्याच्यासाठी दारात उभी राही. घाईचे लोक उतरून कालव्याच्या कडेने चालू लागत आणि पुष्कळदा बसच्या आधी पोचत. तिसरा धंदा तपकिरीचा. तंजावरात तपकीर न ओढणारा म्हातारा शोधून सापडायचा नाही, तेव्हा हा धंदा बुडणं अशक्य होतं. पण सारांना स्वतःला तपकीर सोसत नसे. गिऱ्हाइकापुढे डबी उघडली की ते शिंकांची माळ लावत, आणि गिऱ्हाईक 'शकुन बरा नाही' म्हणून हात आखडता घेऊन परत जाई.

पाठ्यपुस्तक त्यांनी आम्हाला घ्यायला लावलं होतं, पण स्वतः ते क्वचितच उघडत. मागणी आणि पुरवठा शिकवायचा म्हणजे छत्र्या. प्रवाशांशी केलेला करार म्हणजे बस. जाहिरात म्हणजे तपकीर. वार्षिक परीक्षेच्या उत्तरांत आमच्या वर्गाने छत्रीची उदाहरणं इतकी लिहिली की परीक्षकांना हा कोणता छत्र्यांचा गाव, असा प्रश्न पडला असेल.

त्यांना आमची नावं लक्षात ठेवायची नव्हती. ज्या गावचा मुलगा त्या गावाच्या नावाने हाक. पट्टुकोट्टै म्हणजे एका किराणा दुकानदाराचा थट्टेखोर मुलगा. तिरुवैयारू म्हणजे जमीनदाराचा मुलगा. त्याला कायदा पाठ होता आणि विनोद मुळीच समजत नसे. मी ओरत्तनाडू. "ओरत्तनाडू झोपलं आहे, पट्टुकोट्टै, त्याला एक चिमटा काढा," असं ते म्हणाले की सबंध तालुक्याला चिमटा बसल्यासारखं वाटे.

शुभ-अशुभ वेळेचा त्यांना भारी राग. राहूकाळात आमच्याकडे कोणी नवीन काम सुरू करत नाही, प्रवासाला निघत नाही. सार नवा धडा मुद्दाम राहूकाळातच सुरू करत. घड्याळ काढून वेळ झाल्याची खात्री करून घेत आणि मग म्हणत, "अस्के जण लिहा." आमच्या बोलीत 'अस्के' म्हणजे सगळे. "पहिली ओळ लिहा. बाजाराला राहूकाळ नाहीं." आम्ही लिहून घेत असू. पट्टुकोट्टै मात्र पेन्सिल हळूच कपाळाला लावून मगच लिही.

मी शिंप्याचा मुलगा. आमचे पूर्वज कधी काळी राजांच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेत आले. राजे गेले, गोऱ्यांचं राज्य आलं, आणि आमच्याकडे सुई तेवढी राहिली. ओरत्तनाडूला राजांच्या वेळचं अन्नछत्र होतं, त्या छत्रात जेवून मी शाळा केली. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. घरात आम्ही आमचं मराठी बोलत असू, पण देवनागरी वाचता येत नव्हतं. ते मी पुढे नोकरीसाठी पुण्यात गेल्यावर शिकलो, आणि आता हे लिहितो आहे.

अप्पांना माझं शिक्षण समजत नव्हतं असं नाही, पण ते लांबत चाललं होतं. "बी.कॉम.ला काजं करायला शिकवतात काय रे?" ते विचारत. "नाहीं तर गुंड्या लावायला तरी?" वर्गाला विद्यापीठाची मान्यता अजून मिळालेली नव्हती. मद्रासहून कमिटी येणार, वर्ग बघणार, मग ठरवणार. मान्यता नाकारली तर वर्ग बंद. मद्रासला जाऊन शिकणं आमच्या आवाक्याबाहेरचं. अप्पांनी मला सरळ सांगितलं होतं, "क्लास राहिला तर शीक. बंद झाला तर दुसऱ्या दिवशीं मशीनवर बस. मला मधलं कांहीं सांगूं नको."



कंपनी कायदा शिकवायची वेळ आली तेव्हा सार म्हणाले, "पोहायला पुस्तकांत शिकतां येत नाहीं. आपण कंपनी काढूं." आम्ही वर्गातल्या मुलांनी थोडं थोडं भांडवल जमवलं. कमी पडलं ते त्यांनी घातलं, आणि एक तांबडी गाय विकत घेतली. 'तंजावर विद्यार्थी गोरस कंपनी, लिमिटेड.' कंपनीची कचेरी सारांच्या घराच्या मागच्या अंगणात. अध्यक्ष तिरुवैयारू, विक्री पट्टुकोट्टैकडे, चिटणीस मी. गायीचं वैरणपाणी सारांच्या पत्नी बघत. त्यांना आम्ही मामी म्हणत असू. त्याबद्दल त्यांना कंपनीचा एक भाग, म्हणजे शेअर, दिला होता. मामींनी तो कागद डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला.

दर आठवड्याला संचालकांची सभा भरे. गायीसमोर बसून आम्ही ठराव मांडत असू. शेण हे कंपनीचं उत्पन्न की कचरा, यावर दोन सभा झाल्या. तिरुवैयारूचं म्हणणं, शेण हे उत्पन्न, त्याची नोंद पाहिजे. पट्टुकोट्टैचं म्हणणं, "नोंद तुम्ही करा, उचलणार कोण तें आधीं सांगा." शेवटी मामी टोपली घेऊन आल्या, सभेच्या मधोमध बसून शेण उचललं, भिंतीवर गोवऱ्या थापल्या आणि म्हणाल्या, "आतां बोला. विषय संपला."

पट्टुकोट्टैने एकदा दुधात पाणी घातलं. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, उलट दोन घरं वाढली. सारांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवून त्याच दुधाची कॉफी करायला लावली आणि अख्खा तांब्याभर प्यायला लावली. "कशी आहे?" "बरी आहे, सार." "आणखी घे." तिसऱ्या पेल्याला पट्टुकोट्टै म्हणाला, "सार, माझ्या वडिलांच्या दुकानांतही असंच चालतं, त्यांना कोणी प्यायला लावत नाहीं." सार म्हणाले, "म्हणूनच त्यांनीं तुला इकडे पाठवलं असेल."

हे सगळं प्रिन्सिपॉलसाहेबांना मुळीच आवडत नव्हतं. ते इंग्रजी काव्य शिकवत. कॉमर्सला ते 'ती दुकानदारी' म्हणत. एकदा सारांनी मालमत्तेची किंमत ठरवायचा धडा घ्यायला गाय कॉलेजच्या आवारात आणली, आणि तिने प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खिडकीखालच्या कुंड्यांतली जास्वंद खाल्ली. त्याच आठवड्यात कमिटीची तारीख आली. साहेबांनी सारांना बोलावून सांगितलं, "कमिटी यायच्या आत ती कंपनी नाहीशी झाली पाहिजे."

सार म्हणाले, "कंपनी अशी नाहीशी करतां येत नाहीं, साहेब. माणसाला कसंही मरतां येतं. कंपनीला कायद्यानेच मरावं लागतं."

"मग कायद्याने मारा."

"मारतों. पण मग कमिटीसमोरच मारतों. मुलांना शिकायला मिळेल आणि कमिटीला बघायला मिळेल."

साहेब काय म्हणाले ते आम्हाला कळलं नाही. सार बाहेर आले तेव्हा त्यांनी छत्री उलटी धरली होती.

त्यांची योजना अशी. कमिटी आली की तिला अंगणात न्यायचं. तिथे सर्व भागधारकांची सभा भरवायची. कंपनी बंद करायचा ठराव करायचा, तिथल्या तिथे गाय विकायची, पैसे वाटून टाकायचे. गिऱ्हाईक ठरवून ठेवलं. कालव्याकाठच्या एका खेड्यातला म्हातारा शेतकरी, आम्ही त्याला आदराने 'पेरियवर' म्हणत असू. त्याला तारीख सांगितली तेव्हा तो इतका खूश झाला की कारण विचारायला हवं होतं. पण आम्ही सगळे इंग्रजी तारखेच्या नादात. प्रॉस्पेक्टस तारखेने, ठराव तारखेने, कमिटी तारखेने. त्या दिवशी वार कोणता पडतो हे पंचांगात कोणी बघितलंच नाही. मराठी घरात जन्मून ही चूक व्हायला नको होती, पण झाली. आम्ही फार पुढे गेलो होतो.

कमिटीत दोघे होते. एक गोरे प्रोफेसर. गोऱ्या साहेबाला आमच्याकडे 'दोरै' म्हणतात. दुसरे मद्रासचे मेंबर, जरीचा फेटा बांधलेले, इंग्रजी बोलताना डोळे मिटणारे. अंगणात सारांनी बाकं मांडली होती. मामींनी सकाळीच गायीला आंघोळ घालून, शिंगांना तेल लावून, कपाळावर कुंकू लावलं होतं. मागच्या भिंतीशी, उन्हात, अप्पा उभे होते. दुकान बंद करून ओरत्तनाडूहून आले होते. 'बघतों, तुझं काय होतं तें,' एवढंच म्हणाले.

सभा झकास झाली. तिरुवैयारूने अध्यक्षीय भाषण पाठ केलं होतं ते म्हटलं. पट्टुकोट्टैने ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं, सगळ्यांनी हात वर केले. मामींनीही दारातून हात वर केला. त्यांच्या हातात उलथनं होतं. दोरै कागदावर काहीतरी लिहीत होते. प्रिन्सिपॉलसाहेबांचा चेहराही थोडा सैल झाला. पेरियवर पुढे आला, विड्याच्या पानांवर पैसे ठेवून त्याने ते सारांपुढे धरले. सारांनी ते मामींच्या हातात दिले. मामी ते घेऊन आनंदाने आत गेल्या, पैशांना हळदकुंकू लावून, ते देवापाशी ठेवून बाहेर आल्या.

"आता गाय यांच्या ताब्यात देत आहोत," सार इंग्रजीत म्हणाले आणि दाव्याच्या गाठीला हात घातला.

"आज वार काय?" मामींनी दारातून विचारलं.

सारांचा हात गाठीवरच राहिला.

"शुक्रवार," मामीच म्हणाल्या. "शुक्रवारीं दारांतली लक्ष्मी दुसऱ्याच्या हातीं द्यायची? कमिटी येऊं दे, दोरै येऊं दे. शुक्रवारीं मी मीठसुद्धां शेजारीं देत नाहीं."

शुक्रवारी घरातून लक्ष्मी जाऊ द्यायची नाही, येऊ मात्र द्यायची. म्हणून पैसे आत गेले होते आणि गाय बाहेर पडत नव्हती. आणि म्हणूनच पेरियवर इतका खूश होता.

"अहो सामी," तो म्हणाला, "शुक्रवार म्हणून तर मी आलों! शुक्रवारीं गाय दारांत आली तर सात पिढ्या दूध. सोडा दावं."

सारांनी गाठ सोडली नाही. तिरुवैयारूकडे बघून म्हणाले, "चेअरमन, तुम्ही सोडा."

"सार, अध्यक्षाने गोठ्यातलं काम करावं असं नियमांत कोठेच नाहीं."

"पट्टुकोट्टै?"

"सार, मग माझी आई मला घरांत घेणार नाहीं. आणि माझे वडील दुकानांत."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडे बघितलं. वर्ग बंद पडावा आणि मी मशीनवर बसावं असं ज्यांना मनातून थोडंसं वाटत होतं, त्या अप्पांनी भिंतीशी उभ्या उभ्या मान हलवली. नको.

दोरै वर बघून म्हणाले, "ठराव एकमताने झाला. पैसे मिळाले. मग गाय का हलत नाही?"

दोरैंनी शेजारच्या मेंबरांना विचारलं. मेंबर त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ बोलले. दोरै म्हणाले, "अच्छा. आपण असता तर दावं सोडलं असतंत का?"

मेंबरांनी डोळे मिटले. "इथला राजवाडा," ते म्हणाले, "फार प्रेक्षणीय आहे असं ऐकतो."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांपुढे शिलाई मशीनचं चाक फिरायला लागलं.

तेव्हा सारांनी दाव्यावरचा हात काढला, फेटा सारखा केला आणि दोरैंसमोर येऊन उभे राहिले. "साहेब, बाजाराला राहूकाळ नाहीं असं मी या मुलांना शिकवलं आहे. तें खरंच आहे. पण हा बाजार नाहीं, माझं घर आहे. कंपनीची कचेरी मी घरांत ठेवली, ही माझी चूक. लिहून घ्या, मुलांनो. कंपनीची कचेरी घरांत ठेवूं नये. बायको भागधारक असली तर मुळींच ठेवूं नये."

आम्ही खरोखरच लिहून घेतलं. दोरै हसले की खोकले ते समजलं नाही. मग त्यांनी एकदम बोट माझ्याकडे केलं. "पैसे दिले गेले. गाय इथेच आहे. आता या क्षणी ही गाय कोणाची?"

हा धडा सारांनी अजून शिकवलेला नव्हता. तिरुवैयारूला बहुधा कलम ठाऊक असावं, पण विचारलं मला. मी उभा राहिलो. मला पुस्तकातलं काही आठवेना, तेव्हा जे माहीत होतं ते सांगितलं. "सार, आमच्या दुकानांत लग्नाचे कपडे शिवून होतात. लोक पैसे देतात आणि म्हणतात, मुहूर्ताच्या दिवशीं नेऊं. कपडे आमच्या खुंटीवर असतात. पण ते त्यांचे. आम्ही ते दुसऱ्याला देऊं शकत नाहीं, अंगावर घालून बघूं शकत नाहीं. तशी ही गाय पेरियवरांची. नुसती आमच्या खुंटीला आहे."

"आणि रात्री उंदरांनी कपडे कुरतडले तर?"

"तर अप्पा नवे शिवून देतात. कायदा काय म्हणतो तें मला माहीत नाहीं."

यावर तिरुवैयारू उसळून उठला. कायदा असं म्हणत नाही, मालकी ज्याची जोखीम त्याची, असं तो कलमासकट बोलू लागला. पट्टुकोट्टै म्हणाला, मग ओरत्तनाडूच्या वडिलांनी नवे कपडे का शिवायचे? तिरुवैयारू म्हणाला, ते भलेपण झालं, कायदा नव्हे. पेरियवरला कोणीतरी तमिळमध्ये सगळं सांगितलं, तेव्हा तोही बाकावर बसून बोलायला लागला. "गाय माझी म्हणतां ना? मग उद्यां सकाळपर्यंत मी इथेच राहतों. माझ्या गायीला कोणी काय घालतं तें बघतों."

"राहा, राहा," मामी म्हणाल्या. "जेवायला आंबटभाजी आहे."

तेवढ्यात कॉफी आली. दोरैंनी पेला तोंडाला लावला आणि पट्टुकोट्टै ओरडला, "सार! हें दूध सौदा झाल्यावर काढलं!"

सगळे थांबले. दूध खरंच नुकतंच, आमचा वाद चालू असताना, मामींनी काढलेलं होतं. गाय पेरियवरची असेल तर दूधही त्याचं. म्हणजे विद्यापीठाची कमिटी परक्या माणसाचं दूध त्याला न विचारता पीत होती. तिरुवैयारूने मान्य केलं की मुद्दा बरोबर आहे. सारांनी हात जोडून पेरियवरला वस्तुस्थिती सांगितली. तो म्हातारा उठला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि दोरैंना तमिळमध्ये म्हणाला, "प्या, साहेब, प्या. माझ्या घरचं समजा." मग सारांकडे वळून, "तुम्हीही घ्या सामी. लाजूं नका."

सारांनी आपल्याच अंगणात पाहुण्यासारखी अवघडून कॉफी घेतली.

कमिटी गेली. काय ठरलं हे कोणी बोललं नाही. शनिवारी सकाळी पेरियवर गाय घेऊन गेला. अप्पांनी जाताना मला विचारलं, "पास झाला का क्लास?" मी म्हटलं, "माहीत नाहीं." ते म्हणाले, "मशीनला तेल घालून ठेवतों."

अहवाल आला तो वर्ष संपता संपता. वर्गाला मान्यता मिळाली होती. विद्यार्थी स्वतःच्या डोक्याने विचार करतात असा त्यात उल्लेख होता, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो सभागृहात दोनदा वाचून दाखवला. पण त्याखाली एक अट होती. पुढच्या वर्षापासून शिकवणारा माणूस कॉमर्सचा पदवीधर हवा.

वर्ग राहिला आणि सार गेले.

आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. तेव्हा देशभर संप चालत. आम्हीही संप करायचं ठरवलं होतं. विद्यापीठ न्याय करणार नसेल तर आम्ही कोणीच वर्गात पाऊल ठेवणार नाही, असं तिरुवैयारूने सांगितलं. सार ओसरीत पायावर पाय टाकून बसले होते. ते इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते.

"ओरत्तनाडू," ते म्हणाले, "तूही?"

"होय सार."

"क्लास बंद पडला तर तुझे वडील तुला काय म्हणाले होते?"

ही गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. अप्पांनीच सांगितली असावी.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "मी पदवीधर नाहीं. मी विद्यापीठ असतों तर मलाही मीं ठेवलं नसतं. जा, आणि फी भरा."

जूनमध्ये मद्रासहून नवे सार आले. तेविशीतले, गोरेगोमटे, टाय लावलेले, पदवीची शाई अजून ओली. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली. शेवटच्या नावाला मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "प्रेझेंट, सार!"

आम्ही मागे वळून पाहिलं. फेटा, कोट, छत्री. आमचे सार नवी वही उघडून बसले होते.

नवे सार घाबरे होऊन उभे राहिले. "सर, आपण इथे—"

"बसा, बसा," आमचे सार म्हणाले. "मी फी भरली आहे. शिकवा. राहूकाळ असला तरी चालेल."

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यातलं पहिलं वर्ष त्यांनी आम्हाला शिकवलं होतं, ते त्यांची हजेरी म्हणून धरायला विद्यापीठाने परवानगी दिली. म्हणजे आम्हाला शिकवताना ते स्वतः वर्गात हजर होते, एवढं तरी विद्यापीठाला मान्य झालं. वर्षभर ते बाकावर बसले. एकदाही नव्या सारांना त्यांनी अडवलं नाही. चूक झाली की नुसते फेटा काढून मांडीवर ठेवत. नवे सार लगेच फळ्याकडे वळून पुन्हा वाचत. मधल्या सुट्टीत पट्टुकोट्टै आमच्या सारांना, आता वर्गबंधू म्हणून, अरे-तुरे करायची संधी शोधत असे. त्याचं धाडस झालं नाही. माझ्या वहीतून मात्र ते उतरून घेत, कारण त्यांना फळ्यावरचं नीट दिसत नसे.

परीक्षेचा निकाल लागला. मी दुसऱ्या श्रेणीत पास झालो. सार तिसऱ्या श्रेणीत, तेही काठावर. अर्थशास्त्राच्या पेपरात त्यांनी प्रश्नच चुकीचा आहे हे चार पानं समजावून सांगितलं होतं, असं त्यांनी स्वतःच आम्हाला अभिमानाने सांगितलं. नवे सार तोवर मद्रासच्या एका बँकेत नोकरी लागून निघून गेले होते. कॉलेजकडे पुन्हा कोणी नव्हतं, आणि आता आमचे सार पदवीधर होते.

पदवीदान मद्रासला. तेवढ्यासाठी आमच्यापैकी कोणीच गेलं नाही. पदव्या टपालाने आल्या. पण फोटो हवा होता. तंजावरात फोटोवाल्याच्या दुकानात पदवीधरांसाठी एकच काळा गाउन होता, कोणा धिप्पाड माणसाच्या मापाचा. तोच घालून एकेक जण खुर्चीवर बसे. अप्पा माझ्याबरोबर आले होते. माझा फोटो झाला, पट्टुकोट्टैचा झाला. शेवटी सार गाउन घालून उभे राहिले तेव्हा ते त्यात मावून वर आणखी एक सार मावले असते.

अप्पा पुढे झाले. आजवर ते सारांशी हात जोडण्यापलीकडे वागले नव्हते. शर्टाच्या कॉलरमागून त्यांनी टाचण्या काढल्या, तोंडात धरल्या आणि सारांना दंडाला धरून भिंतीकडे वळवलं.

"अहो, ओरत्तनाडूचे वडील ना तुम्ही?" सार म्हणाले. "भाड्याचा कपडा आहे. परक्याच्या मालाला टांचण्या लावायच्या म्हणजे—"

अप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरून वर केले. सार बोलायचे थांबले. खांदे, मग पाठ, मग बाह्या. अप्पा गुडघ्यांवर बसून खालची कड टाचू लागले.

"पाठीमागचं फोटोंत दिसत नाहीं हो," फोटोवाला कंटाळून म्हणाला.

अप्पांनी तोंडातली शेवटची टाचणी काढली. "मला दिसतं," ते म्हणाले.

तो फोटो माझ्याकडे आहे. सारांचा गाउन त्यांच्यासाठीच शिवल्यासारखा चोख बसला आहे. माझ्या फोटोत मात्र तोच गाउन एका खांद्यावरून घसरला आहे आणि बाही बोटांपर्यंत आली आहे. माझ्या वेळी अप्पा नुसतेच बघत उभे होते.